विंडोज ११ वर जुने डॉसचे आणि व्हिज्युअल बेसिकचे प्रोग्रॅम चालू ठेवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. भुसार मालाच्या एका अडत पेढीने विंडोज १० चा आधार संपल्यावर सगळे संगणक बदलले आणि नव्या संगणकांवर विंडोज ११ आले. शेतकऱ्यांची हिशेबपट्टी करणारा, नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतलेला डॉसचा (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा) प्रोग्रॅम त्यांवर उघडतच नाही. गोदामातील कट्ट्यांची आवक-जावक ठेवणारा, व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅमिंग भाषेतील दुसरा प्रोग्रॅम उघडतो. पण काही तारखा उलट होतात आणि एका कारकुनाने केलेली नोंद त्याच संगणकावर दुसऱ्या नावाने बसलेल्या कारकुनाला दिसत नाही. प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ आता हे काम करत नाहीत, सोर्स कोड (प्रोग्रॅमची मूळ लिखित आज्ञावली) पेढीकडे नाही आणि आवकीचा हंगाम तोंडावर आला आहे.

काही करण्याआधी एक आग्रहाची विनंती आहे. जुने संगणक अजून पेढीत असतील तर ते कोणालाही देऊ नका, त्यांवर नवे विंडोज चढवू नका आणि त्यांतील हार्ड डिस्क पुसू नका. अशा प्रोग्रॅमचे सगळे सामान त्याच्या फोल्डरमध्ये नसते. डॉसचा प्रोग्रॅम एका वेळी किती फाइल उघडू शकेल हा आकडा विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमधील कॉन्फिग.एनटी या फाइलमध्ये लिहिलेला असतो. प्रिंटर कोणत्या नावाने जोडला आहे ते आज्ञांची यादी असलेल्या एखाद्या बॅच फाइलमध्ये असते. माहिती एफ ड्राइव्हवर शोधायची असेल तर तो ड्राइव्ह कसा तयार होतो हे आणखी कुठेतरी असते. केवळ फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकावर टाकला तर हे सगळे मागे राहते. म्हणून जुन्या संगणकाच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील डिस्क२व्हीएचडी हे मोफत साधन चालू विंडोजमधूनच अशी प्रतिमा तयार करते. ती दोन वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर ठेवावी आणि त्यांपैकी एक पेढीबाहेर असावी. हे एका दुपारचे काम आहे आणि पुढचे सगळे पर्याय त्याच्यावर उभे राहतात.

आता पट्टीचा प्रोग्रॅम का उघडत नाही ते पाहू. डॉसचे प्रोग्रॅम १६ बिट पद्धतीचे असतात. ३२ बिट विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा एक घटक होता आणि तो प्रोसेसरच्या ‘व्हर्च्युअल ८०८६’ या अवस्थेचा उपयोग करत असे. ६४ बिट विंडोज चालू असताना प्रोसेसरला ही अवस्था उपलब्ध नसते, त्यामुळे ६४ बिट विंडोजमध्ये हा घटक कधीच दिला गेला नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, त्यामुळे पुष्कळ कार्यालयांत हा प्रश्न इतकी वर्षे उद्भवलाच नाही. विंडोज ११ मात्र केवळ ६४ बिटमध्येच मिळते. म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये काही बिघाड झालेला नाही आणि संगणक विक्रेत्यानेही काही चुकीचे बसवलेले नाही. प्रोग्रॅमवर उजवी कळ दाबून ‘कम्पॅटिबिलिटी’मध्ये विंडोज एक्सपी निवडण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळाला असेल. त्या सुविधेमुळे प्रोग्रॅमला विंडोजची आवृत्ती जुनी असल्याचे भासवले जाते आणि काही लहानसहान वागणूक जुन्यासारखी केली जाते; जो घटकच अस्तित्वात नाही तो तिच्यामुळे निर्माण होत नाही. डॉसच्या प्रोग्रॅमसाठी त्यात वेळ घालवू नये.

पट्टीच्या प्रोग्रॅमसाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग इम्युलेटरचा, म्हणजे जुना संगणक आणि डॉस यांचे सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डॉसबॉक्सचे नाव सर्वांना माहीत असते. पण त्याच्या कर्त्यांनी ते खेळांसाठी केले आहे आणि त्यात फाइलमधील नोंदींना कुलूप लावण्याची सोय भरवशाची नाही. दोन कारकून एकाच वेळी पट्टी करत असतील तर दोघांना एकच पट्टी क्रमांक मिळणे किंवा इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) फाइल बिघडून नोंदी ‘हरवणे’ असे प्रकार यातूनच होतात. त्यापासून पुढे विकसित झालेल्या डॉसबॉक्स-एक्समध्ये फाइल लॉकिंग, विंडोजच्या प्रिंटरवर छपाई आणि एका वेळी उघडायच्या फाइलींची संख्या या सगळ्यांची सेटिंग आहेत, म्हणून व्यवसायाच्या कामासाठी मी तेच सुचवीन. फॉक्सप्रो २.६ सुरू होताना वेग मोजण्यासाठी एक छोटे आवर्तन चालवतो. प्रोसेसर फार वेगवान असेल तर मोजलेला वेळ शून्य भरतो आणि शून्याने भागाकाराची चूक दाखवून प्रोग्रॅम बंद पडतो. इम्युलेटरमध्ये वेग मुद्दाम कमी ठेवता येतो, त्यामुळे ही अडचण तिथे सहज सुटते. मोठ्या डिस्कवर ‘जागा शिल्लक नाही’ असा खोटा इशारा येण्याचे कारणही याच जातीचे आहे: शिल्लक जागेचा आकडा प्रोग्रॅमने कल्पिलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे हिशेब उलटतो. इम्युलेटरला मोकळी जागा कमी सांगायला लावले की काम भागते.

दुसरा मार्ग आभासी संगणकाचा, म्हणजे नव्या संगणकाच्या आत एका खिडकीत जुने विंडोज अखंड चालवण्याचा. वर सांगितलेली डिस्कची प्रतिमा इथे कामी येते. विंडोज ११ प्रो असेल तर आभासी संगणक चालवणारे हायपर-व्ही त्यातच आहे. होम आवृत्तीत ते नाही. हायपर-व्हीमध्ये आभासी संगणक करताना ‘जनरेशन १’ निवडावी, कारण ‘जनरेशन २’मध्ये ३२ बिट विंडोज चालत नाही आणि लोक नेमके तिथेच अडून बसतात. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहे. व्हर्च्युअलबॉक्स या तिसऱ्या सॉफ्टवेअरचा मूळ भाग मोफत असला तरी त्याच्या एक्स्टेंशन पॅक या जोडभागासाठी व्यवसायात वेगळा परवाना लागतो, हे लक्षात न घेता तो बसवलेली कार्यालये मी पाहिली आहेत. आत चालणाऱ्या विंडोजलाही स्वतःचा परवाना लागतो. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या संगणकाशीच बांधलेला असतो, तो आभासी संगणकात नेता येत नाही. त्यामुळे ३२ बिट विंडोजचा स्वतंत्र परवाना पेढीकडे आहे का ते बिलांच्या फायलीत पाहावे. नसेल आणि प्रोग्रॅम निव्वळ डॉसचा असेल तर फ्रीडॉस ही मोफत प्रणाली आभासी संगणकात बसवता येते. मात्र तिला नेटवर्क आणि प्रिंटर जोडणे जिकिरीचे आहे आणि हंगामाच्या तोंडावर मी ते हाती घेणार नाही.

आपल्या बाबतीत माझे मत असे आहे की पट्टीचा प्रोग्रॅम एकाच संगणकावर, डॉसबॉक्स-एक्समध्ये सुरू करावा आणि परवाना असेल तर डिस्कच्या प्रतिमेवरून केलेला आभासी संगणक राखीव म्हणून तयार ठेवावा. दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या संगणकांवरून एकाच डीबीएफ (फॉक्सप्रोची माहिती साठवणाऱ्या) फाइलमध्ये नोंदी करण्याची जुनी रीत या हंगामापुरती तरी थांबवावी. विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत आता पुष्कळ बदलली आहे. ती वेगासाठी फाइलचा भाग वापरणाऱ्याच्या संगणकावर धरून ठेवते आणि फॉक्सप्रो किंवा क्लिपरच्या काळातल्या प्रोग्रॅमला त्याची कल्पना नसते. इंडेक्स बिघडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. एका जागी बसून एकाने पट्ट्या करणे गैरसोयीचे वाटेल, पण हजारो नोंदींचा इंडेक्स लिलावाच्या वेळी पुन्हा बांधत बसण्यापेक्षा ते बरे.

छपाईचा विषय लोक शेवटी काढतात आणि तिथेच दिवस जातात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी१ या प्रिंटरच्या पोर्टवर अक्षरे सरळ पाठवतो आणि मध्येमध्ये प्रिंटरसाठी खुणा पाठवतो. उदाहरणार्थ, दशमान १५ ही खूण मिळाली की एप्सनच्या पद्धतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बारीक टाइप सुरू करतो आणि ८० अक्षरांच्या रुंदीत साधारण १३७ अक्षरे बसतात; वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई आणि निव्वळ देणे हे सगळे रकाने एका ओळीत मावतात ते यामुळेच. नव्या लेझर प्रिंटरला ही भाषा बहुधा समजत नाही. मग पट्टीची ओळ कागदाबाहेर जाते किंवा वरच्या कोपऱ्यात चित्रविचित्र चिन्हे उमटतात आणि प्रोग्रॅम बिघडला असा समज होतो. पेढीचा डॉट मॅट्रिक्स चालू स्थितीत असेल तर तोच ठेवावा. त्याला यूएसबी पोर्ट असेल तर तो विंडोजमध्ये ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ या ड्रायव्हरने बसवावा, म्हणजे पाठवलेली खूण विंडोज काही ढवळाढवळ न करता तशीच प्रिंटरपर्यंत पोहोचवते. आभासी संगणकातून छापायचे असेल तर हा प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ त्याच्याशी जोडता येतो. कागदाची लांबीही तपासावी. इंचाला सहा ओळी या हिशेबाने १२ इंची कागदावर ७२ ओळी येतात आणि अर्ध्या पानाच्या पट्टीवर ३६. प्रिंटरमध्ये ११ इंच ठरवलेले असेल तर प्रत्येक पट्टी थोडी थोडी सरकत जाते आणि काही पट्ट्यांनंतर शेतकऱ्याचे नाव फाडायच्या रेषेवर येते. यासाठी एकच नमुना छापून थांबू नये, सलग पंचवीस पट्ट्या छापून पाहाव्यात.

गोदामाच्या प्रोग्रॅमचे दुखणे अगदी वेगळे आहे. व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्रॅम ३२ बिट असतात आणि ते चालवणारा मूळ घटक विंडोज ११ मध्येही मायक्रोसॉफ्टने ठेवला आहे. पण तारखेच्या बाबतीत असे प्रोग्रॅम पुष्कळदा विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर विसंबून असतात. नवा संगणक अमेरिकी इंग्रजीवर आला असेल तर ०३/०४/२०२६ ही तीन एप्रिलची आवक चार मार्चला जमा होते. त्याहून घातक गोष्ट अशी की १३ तारखेपासून पुढच्या नोंदी बरोबर पडतात, कारण तेरावा महिना नसल्यामुळे प्रोग्रॅम दिवस आणि महिना आपणहून बदलून घेतो. त्यामुळे महिन्याच्या उत्तरार्धात तपासणाऱ्याला काहीच चुकलेले दिसत नाही. सेटिंगमध्ये ‘इंग्लिश इंडिया’ निवडून दिवस-महिना-वर्ष हा क्रम लावावा आणि नवा संगणक सुरू झाल्यापासून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांना झालेल्या सर्व नोंदी कच्च्या वहीशी ताडून हाताने दुरुस्त कराव्यात.

एकाची नोंद दुसऱ्याला न दिसण्याचे कारणही निश्चित सांगता येते. हा प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसवलेला असणार आणि त्याची माहितीची फाइलही तिथेच असणार. विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा नाही. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून विंडोज नकार न देता त्या फाइलची एक प्रत प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये करते आणि पुढचे सगळे लेखन गुपचूप तिथे होते. म्हणजे आपल्या पेढीत या घडीला गोदामाच्या दोन किंवा अधिक वह्या स्वतंत्रपणे लिहिल्या जात आहेत. आजच काम थांबवून प्रत्येक वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’, त्यातील ‘लोकल’ आणि त्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमधील एमडीबी (मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या माहितीच्या) फाइल वेगवेगळ्या नावाने जपून ठेवाव्यात. नंतर प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवावा, त्या फोल्डरवर सर्वांना लिहिण्याचा अधिकार द्यावा आणि सर्व प्रतींतील नोंदी जुळवून एक वही करावी. प्रोग्रॅम कायम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवण्याचा सोपा सल्ला कोणी देईल. तो मानू नये, कारण त्यामुळे लपलेल्या प्रतींतील नोंदी परत येत नाहीत आणि जुन्या, असुरक्षित प्रोग्रॅमला संपूर्ण संगणकाचे अधिकार मिळतात.

हलवताना एखादी ओसीएक्स फाइल (प्रोग्रॅमला लागणारा सुटा घटक) सापडत नाही असा संदेश आला तर ती जुन्या संगणकावरून आणून ‘सिसवाव६४’ या फोल्डरमध्ये ठेवावी आणि त्याच फोल्डरमधील रेगएसव्हीआर३२ या साधनाने तिची नोंदणी करावी. नावावरून उलट वाटते, पण ३२ बिट फाइलींची जागा तीच आहे. माहितीची फाइल अ‍ॅक्सेस ९७ च्या काळातील असेल तर अ‍ॅक्सेस २०१३ आणि त्यापुढील आवृत्त्या ती उघडत नाहीत; अ‍ॅक्सेस २०१० किंवा त्याआधीची प्रत कुठे उपलब्ध असेल तर तिच्यातून ती एकदा नव्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते.

प्रोग्रॅमला कुलपाचे डोंगल (पोर्टला लावायचे छोटे उपकरण) असेल तर ते यूएसबीचे आहे की जुन्या समांतर पोर्टचे, ते पाहा. यूएसबी डोंगल व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्समधून आतल्या विंडोजला देता येते, हायपर-व्हीमध्ये तशी थेट सोय नाही.

आभासी संगणकात विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ चालवत असाल तर त्याला इंटरनेट देऊ नका. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी१ ही एकच जुनी पद्धत येते आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तो याच पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन. नव्या विंडोजमध्ये एसएमबी१ बंद असते. ‘जुना संगणक दिसत नाही’ म्हणून ती पुन्हा चालू करून देणारे तंत्रज्ञ भेटतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणावे. फाइलींची देवाणघेवाण आभासी यंत्राच्या स्वतःच्या सामायिक फोल्डरने करावी. विंडोज १० च्या संगणकांपैकी एखादा तसाच ठेवायचा असेल तर व्यवसायांसाठी मायक्रोसॉफ्ट सशुल्क सुरक्षा दुरुस्त्या तीन वर्षांपर्यंत देते, मात्र त्यांचा दर दरवर्षी दुप्पट होतो.

हे सगळे किती काळ चालवायचे, यावर माझे मत ठाम आहे: हा हंगाम आणि फार तर पुढचे आर्थिक वर्ष. पेढी भागीदारीची असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे हा १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम तिला लागू नाही, तो कंपन्यांसाठी आहे. पण तिचे रूपांतर खासगी कंपनीत झाले असेल तर मुख्य हिशेब अशा प्रोग्रॅममध्ये ठेवणे आताही नियमाला धरून नाही. जुने हिशेब मात्र सर्वांनाच हाताशी लागतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने वह्या जपाव्या लागतात आणि शेतकऱ्यांची जुनी येणी-देणी त्याहून मागे जातात. म्हणून प्रोग्रॅम चालू ठेवण्याची ही सगळी खटपट मी माहिती बाहेर काढण्यासाठी मिळालेली सवड म्हणून पाहतो. प्रोग्रॅम चालतो आहे तोवर त्याच्याकडून वर्षावर्षाचे तेरीज, खतावणी आणि पट्टी रजिस्टर छापून घेता येते आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेले आकडे त्याच्याशी ताडता येतात. तो कायमचा बंद पडल्यावर नुसत्या डीबीएफ फाइल हातात राहिल्या, तर कोणत्या रकान्याचा अर्थ काय हे सांगणारे कोणी उरत नाही. त्याचे बारकावे ठाऊक असलेले जुने मुनीम किंवा कारकून अजून पेढीत असतील तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक फाइलचा आणि रकान्याचा अर्थ एका वहीत लिहून घ्यावा.

डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडते, त्यामुळे सुरुवात करायला प्रोग्रॅमरची गरज नाही. काम नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलवर नाही. पट्टीत शेतकऱ्यांची नावे मराठीत असतील तर ती कशी साठवली आहेत यावर पुढची मेहनत ठरते. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डवर काम झाले असेल तर अक्षरे इस्की या भारतीय मानकात असतात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्यामुळे ते रूपांतर सरळ होते. ते कार्ड ज्या खाचेत बसत असे ती नव्या संगणकांत नसते, म्हणून पडद्यावर नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली तरी माहिती नष्ट झाली असे समजू नये. विंडोजवरील जुन्या फॉन्टमध्ये नावे भरली असतील तर काम अधिक किचकट आहे. तिथे अक्षराचा आकार साठवलेला असतो, त्यामुळे ‘शिंदे’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी येते आणि ‘कर्वे’मधील रफार ‘व’च्या नंतर, त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेले रूपांतर साधनच वापरावे लागते आणि नंतर नावे डोळ्यांखालून घालावी लागतात.

आकडे ताडताना एक गोष्ट हमखास आडवी येते. फॉक्सप्रोमध्ये नोंद ‘डिलीट’ केली तरी ती फाइलमधून जात नाही, तिच्या सुरुवातीला फक्त तारांकनाची खूण लागते आणि ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती तशीच पडून राहते. जुना प्रोग्रॅम अशा नोंदी दाखवत नाही, पण माहिती उचलणारी काही साधने ही खूण न पाहता त्याही उचलतात, आणि कित्येक वर्षांपूर्वी रद्द केलेली पट्टी नव्या खात्यात देणे म्हणून उभी राहते. यासाठी प्रत्येक आर्थिक वर्षाच्या एकूण पट्ट्यांची संख्या, एकूण वजन आणि शेतकऱ्यांना दिलेली निव्वळ रक्कम हे तीन आकडे जुन्या प्रोग्रॅमच्या छापील रजिस्टरमधून घ्यावेत आणि नव्या सॉफ्टवेअरमधील आकड्यांशी पैशापर्यंत जुळवावेत. फरक आला तर आधी तारांकनाच्या नोंदी मोजाव्यात. तेवढ्याने जुळले नाही तर ज्या महिन्यात फरक सुरू होतो तो महिना शोधून त्याच्या पट्ट्या एकेक करून पाहाव्यात, आणि तोवर त्या वर्षाची डिस्कची प्रतिमा व छापील रजिस्टर दोन्ही हलवू नयेत.